पंक्तिप्रपंच

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला, तेव्हा आमच्या सोसायटीने पुण्याहून सांगलीकडे एक ट्रक पाठवला होता आणि त्या ट्रकबरोबर गेलेल्या चौघांमध्ये मी होते. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, चादरी, बिस्किटांचे पुडे असे सामान आम्ही तीन रात्री जागून पिशव्यांमध्ये भरले होते. ज्या गावी पोहोचलो तेथे शाळेच्या व्हरांड्यात एक गृहस्थ यादी घेऊन उभे होते. वाटप यादीप्रमाणेच होईल, असे त्यांनी आम्हांला नम्रपणे सांगितले आणि त्यावर आमचे काही चालणार नव्हते, कारण गावात शिरण्याचा चिखलातला रस्ता त्यांच्याच ट्रॅक्टरने पार करायचा होता. नावे वाचली गेली, पिशव्या दिल्या गेल्या, सोसायटीच्या नावाचा फलक धरून छायाचित्र काढले गेले. शाळेच्या फाटकाबाहेर दहा-बारा बायका मुलांना घेऊन उभ्या होत्या. त्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या आणि त्यांचे रेशनकार्ड या गावचे नाही, असे कारण आम्हांला सांगण्यात आले. मी काहीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याच ओळखीच्या आणखी एका मंडळाचा टेम्पो तेथे येणार होता, त्यालाही तोच ट्रॅक्टर लागणार होता, आणि आपण मदत करायला आलो आहोत, गावच्या राजकारणात पडायला नाही, असे मी स्वतःला समजावले.

मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. त्यामुळे हे वाक्य मला ओळखीचे वाटायला हवे होते. युद्धभूमीवर अन्न आणि औषधे घेऊन जाणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनी हेच वाक्य निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या नाक्यांवर उच्चारलेले आहे. त्या वेळी मात्र ते मला फक्त माझे आणि शहाणपणाचे वाटले.

ते पुन्हा वर आले 2023 मध्ये. साळुंखे विहारजवळच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तेव्हा सुदानमधला एक विद्यार्थी भाड्याने राहत होता. सुदानी, येमेनी, इराकी, अफगाण मुले पुण्यात शिकायला येणे नवे नाही. कोंढवा, कॅम्प, वानवडी या भागांत राहणाऱ्यांना ती रोजच्या पाहण्यातली आहेत, आणि त्यामुळे दूरच्या युद्धाची बातमी आमच्याकडे पुष्कळदा वर्तमानपत्राच्या आधी जिन्यावरून खाली येते. 15 एप्रिलला खार्तूममध्ये सुदानचे सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. या मुलाचे घर नाईलपलीकडच्या उमदुर्मानमध्ये होते. पहिले काही आठवडे तो रात्र रात्र गच्चीत फोन हातात धरून बसलेला असे. पुढे काही महिन्यांनी चहा घेताना त्याने मला सांगितले की त्याची आई आता 'तकिये'तून जेवण आणते. तकिया म्हणजे फकिराची बसण्याची जागा, एवढेच मला माहीत होते. त्याने समजावून सांगितले की सुफी मठांमध्ये येईल त्याला जेवू घालण्याची जी जुनी रीत आहे, ती मोहल्ल्यातल्या तरुणांनी युद्धात पुन्हा चुलीवर चढवली आहे. 'काकू, तिथे कुणी नाव विचारत नाही,' तो म्हणाला. भांडे पुढे करायचे आणि घरात माणसे किती ते सांगायचे.

हे तरुण म्हणजे त्या मोहल्ल्यांतले आपत्कालीन कक्ष. 2018-19 मध्ये हुकूमशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या नागरिक समित्यांतून ते पुष्कळ ठिकाणी उभे राहिले, आणि या समित्यांना सेनापती आणि निमलष्करी दलाचा प्रमुख असे दोघेही नकोच होते. पाठ्यपुस्तकातल्या अर्थाने त्यांना तटस्थ म्हणता येणार नाही. तरीही मोठ्या संस्थांची कार्यालये राजधानीतून निघून गेल्यावर खार्तूम आणि उमदुर्मानच्या गल्ल्यांत डाळ शिजत राहिली ती त्यांच्या हातून. दोन्ही बाजूंनी त्यांच्यातल्या स्वयंसेवकांना पकडून नेले. एका बाजूला वाटे की हे शत्रूच्या माणसांना पोसतात, आणि मोहल्ला दुसऱ्या बाजूच्या ताब्यात गेला की तिलाही नेमके तेच वाटे.

तटस्थ या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला असा आहे. प्रवाहात न उतरता कोरड्या जागेवरून पाहणारा तो तटस्थ. सांगलीत ज्यांनी पूर पाहिला आहे त्यांना हा शब्द मदतीच्या कामासाठी किती अपुरा आहे हे सांगावे लागणार नाही, कारण काठावर राहून कुणालाच बाहेर काढता येत नाही. त्याच्या शेजारचा शब्द निःपक्षपाती. गरज पाहायची, बाजू पाहायची नाही, असा त्याचा अर्थ. रेड क्रॉसने 1965 मध्ये व्हिएन्ना येथे जी सात तत्त्वे स्वीकारली, त्यांत ही दोन तत्त्वे वेगवेगळी मांडलेली आहेत आणि ती वेगळीच ठेवायला हवीत. आपल्या भाषेत तर त्याहूनही नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसते वरण वाढणे याला आपले लोक पाप समजत आले. वाढणाऱ्याचे मत काय आहे, तो कुणाचा नातलग आहे, हे कुणी विचारीत नाही. त्याचा हात प्रत्येक पानापाशी सारखा थांबतो की नाही, एवढेच पाहिले जाते. मात्र पंगतीत बसायलाच कुणाला मिळाले नाही, याची दखल या शब्दात नाही; आणि आपल्या समाजात तो अन्याय वाढण्यातल्या अन्यायाहून फार जुना आहे.

इतिहासात मागे गेले तर एक गोष्ट लक्षात येते, आणि मला ती सांगलीनंतरच नीट दिसली. 24 जून 1859 रोजी उत्तर इटलीत सोल्फेरीनो येथे फ्रान्स-सार्डिनिया आणि ऑस्ट्रिया यांची लढाई झाली. मृत आणि जखमी मिळून सुमारे 40,000 सैनिक तेथे पडले. कामधंद्यानिमित्त तिकडे गेलेल्या आंरी द्यूनां या जिनिव्हाच्या गृहस्थाने जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांना जखमींची शुश्रूषा करताना पाहिले. गणवेश कुठल्या सैन्याचा आहे हे न पाहता त्या पाणी पाजत होत्या आणि 'सगळे भाऊच' असे म्हणत होत्या. त्यातून 1863 मध्ये रेड क्रॉसची समिती आणि 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. त्या कराराच्या पहिल्याच कलमात लष्करी रुग्णवाहिका आणि रुग्णालये 'तटस्थ' मानली जातील, असे म्हटले आहे. म्हणजे तटस्थता हे त्या वेळी लढणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन होते. येथे जखमी आहेत, येथे आम्ही गोळी झाडणार नाही, असा तो शब्द होता, आणि तो बंदूकधाऱ्याने द्यायचा होता. दीडशे वर्षांत हे उलटे झाले. आता तटस्थतेचे हमीपत्र रिकाम्या हातांनी आलेल्या डॉक्टरकडून मागितले जाते. तुम्ही कुणाकडून पैसे घेतले, काल कुणाशी बोललात, आमच्याविरुद्ध काही लिहिले आहे का, हे नाक्यावर विचारले जाते. बंदूकधाऱ्याने दिलेल्या शब्दाची चौकशी कुठल्याच नाक्यावर होत नाही.

हमीपत्र देणाऱ्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे. ज्यूंच्या संहाराची माहिती हाती असतानाही रेड क्रॉसच्या समितीने 14 ऑक्टोबर 1942 च्या बैठकीत जाहीर निवेदन न करण्याचे ठरवले. युद्धकैद्यांच्या छावण्यांपर्यंत जी वाट मोकळी होती ती बंद होईल, ही त्यामागची एक भीती होती. पुढे त्या संस्थेने हे आपले अपयश म्हणून मान्य केले. 1967 ते 1970 या काळात नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात वेढ्यामुळे मुले उपासमारीने मरत असताना रेड क्रॉसबरोबर काम करणाऱ्या काही फ्रेंच डॉक्टरांना हे मौन असह्य झाले आणि त्यातून 1971 मध्ये 'सीमांविना डॉक्टर' ही संस्था जन्मली. उपचार करायचे आणि जे पाहिले ते सांगायचे, असा तिचा बाणा. आजही माझी सहानुभूती या बाण्याकडे अधिक आहे. पण त्याचे काय होते हेही पाहायला हवे. इथिओपियाच्या दुष्काळात मेंगिस्तूचे सरकार मदतीचे आमिष दाखवून लोकांना उत्तरेकडून दूर दक्षिणेत सक्तीने हलवते आहे, हे या संस्थेच्या फ्रेंच शाखेने उघडपणे सांगितले आणि 1985 च्या डिसेंबरमध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने आपल्या अटकेचे वॉरंट काढताच सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांनी 13 परदेशी मदत संस्थांना हाकलले; त्या संस्थांनी काही सांगितले असो वा नसो, संशय पुरेसा होता आणि दारफूरच्या छावण्यांतल्या लोकांचे दवाखाने एका फटक्यात बंद झाले. बोलणाऱ्याला विमानाचे तिकीट मिळते. मागे राहणाऱ्याला ते मिळत नाही. वर्गात मी हे मौनाचे आणि साक्षीचे द्वंद्व शिकवताना साक्षीची बाजू फार सहज घेत असे.

रवांडाचे उदाहरण मला सर्वांत अधिक छळते, कारण त्यात यादी आहे. 1994 मधल्या तुत्सींच्या वंशसंहारानंतर लाखो हुतू निर्वासित सीमा ओलांडून झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, गोमाजवळच्या छावण्यांत आले. त्यांच्यात निष्पाप माणसे होती, लहान मुले होती, पटकीने मरणारी माणसे होती, आणि त्यांच्यातच कत्तली घडवून आणणारे जुने अधिकारी आणि सैनिकही होते. छावणीत शिधा वाटायचा तर माणसांची मोजदाद हवी, आणि मोजदाद करणारे हात याच अधिकाऱ्यांचे होते. माणसांची संख्या फुगवून सांगितली गेली, जास्तीचा शिधा विकला गेला, त्या बळावर छावणीतल्या लोकांना धाकात ठेवले गेले. सीमांविना डॉक्टरांची फ्रेंच शाखा नोव्हेंबर 1994 मध्ये तेथून बाहेर पडली. इतर पुष्कळ संस्था राहिल्या, कारण त्यांच्यासमोर आजारी मुले होती. दोघांपैकी कुणालाही चूक म्हणण्याचे धाडस मला होत नाही. पण एवढे मला ठामपणे वाटते की यादी दुसऱ्याच्या हातात गेली त्या दिवशीच तेथली तटस्थता संपली होती. राहायचे की निघायचे हा प्रश्न त्यानंतरचा होता.

मदत देणारी सरकारे या बाबतीत लढणाऱ्यांहून फार वेगळी वागलेली नाहीत. 2001 मध्ये अफगाणिस्तानवर बॉम्ब टाकत असतानाच अमेरिकेने अन्नाची पाकिटेही विमानातून टाकली. पाकिटे पिवळी होती आणि न फुटता पडून राहिलेले गुच्छबॉम्बचे (क्लस्टर बॉम्बचे) तुकडेही पिवळेच होते. पुढे पाकिटांचा रंग बदलावा लागला. त्याच ऑक्टोबरमध्ये परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्वयंसेवी संस्थांना आपल्या युद्धातले बळ वाढवणारा घटक म्हटले, आणि ते कौतुकाने म्हटले होते. 2004 मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात सैन्याने पत्रके वाटली, त्यांत मदत मिळत राहावी असे वाटत असेल तर तालिबानची माहिती द्या, असे सांगितले होते. मूल आजारी असलेल्या बापाने हे पत्रक वाचून काय समजायचे? त्याच वर्षी जूनमध्ये बदघीस प्रांतात सीमांविना डॉक्टरांचे पाच जण मारले गेले आणि 24 वर्षे त्या देशात काम केलेली ती संस्था तेथून निघाली. पुढे ती परतली, कुंदूझमध्ये तिने रुग्णालय उभारले, आणि 3 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे अमेरिकेच्या विमानाने ते रुग्णालय उद्ध्वस्त केले. त्यात 42 माणसे मरण पावली. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश सैन्याला आधीच कळवलेले होते.

आपणही यातून सुटलेले नाही. 1987 साली मी नुकती नोकरीत रुळले होते. 3 जूनला रामेश्वरहून जाफन्याकडे मदत घेऊन निघालेल्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या एएन-32 विमानांनी, मिराज लढाऊ विमाने सोबत घेऊन, जाफना द्वीपकल्पावर सुमारे 25 टन शिधा आणि औषधे टाकली. मोहिमेचे नाव 'पूमालाई', म्हणजे तमिळमध्ये फुलांचा हार. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी किती अभिमानाने चर्चा झाली होती ते मला आठवते, आणि त्या चर्चेत माझाही आवाज होता. वेढ्यात सापडलेल्या तमिळ माणसांची उपासमार खरी होती. तरीही लढाऊ विमानांच्या सोबतीने आलेली तांदळाची गोणी ही तांदळाची गोणी राहत नाही, तो कोलंबोला पाठवलेला निरोप असतो. आठ आठवड्यांच्या आत भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना त्या बेटावर उतरली, आणि 1990 मध्ये ती परतली तेव्हा आपले सुमारे 1,200 जवान कायमचे मागे राहिले होते.

मग डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे काय, असा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने वर्गात विचारला होता. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, उत्तर चीनमध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालक झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. त्यांच्याबरोबरचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस तटस्थ नव्हते आणि त्यांनी तसा दावाही कधी केला नाही. जपानी आक्रमण अन्याय्य आहे म्हणूनच ते पथक गेले होते. त्या मुलीला मी तेव्हा सांगितले की ते वेगळे युग होते. आज मी निराळे उत्तर देईन. आक्रमण झालेल्या देशाच्या बाजूने उघडपणे उभे राहून शस्त्रक्रिया करणे यात कसलेही लपवणे नाही. लपवणे आहे ते बाजू घेऊनही पिशवीवर तटस्थतेचे चिन्ह छापण्यात. भारताने 1950 मध्ये कोरियात लढाऊ तुकडी न पाठवता साठावे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक पाठवले, तेव्हा त्या पथकाने संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याबरोबर उड्या घेतल्या आणि देगूमध्ये सामान्य कोरियन नागरिकांचेही उपचार केले. कुणाच्या सोबत आलो आहोत हे त्यांच्या गणवेशावरून दिसत होते, आणि कुणाला औषध द्यायचे हे जखमेवरून ठरत होते. वानवडीत लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुंपणाशेजारून फिरायला जाताना मला हे पथक पुष्कळदा आठवते.

सुदानकडे परत यायला हवे. फेब्रुवारी 2024 मध्ये सैन्याच्या सरकारने चाडच्या सीमेवरचा आद्रे नाका मदतीसाठी बंद केला. त्या वाटेने विरोधी दलाला शस्त्रे मिळतात असे त्याचे म्हणणे होते. सरकारची परवानगी नाही म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या तेथून जाईनात. दारफूरमध्ये दुसऱ्या बाजूने अल-फाशेरला वेढा घातला होता, आणि त्याच दलाच्या लोकांनी आदल्या डिसेंबरमध्ये वाद मदनी येथील जागतिक अन्न कार्यक्रमाचे कोठार लुटले होते. ऑगस्ट 2024 च्या सुरुवातीला अल-फाशेरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर त्याच महिन्याच्या मध्यावर आद्रे नाका काही काळासाठी उघडला गेला. मधल्या सहा महिन्यांचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा? वरच्या मजल्यावरचा मुलगा मला तेव्हा म्हणाला होता की नाका बंद करणाऱ्यांची नावे त्याच्या देशात सगळ्यांना ठाऊक आहेत, पण बाहेरच्या निवेदनांमध्ये मात्र 'मदत पोहोचण्यात अडथळे येत आहेत' असे लिहिलेले असते, जणू वाटेत दरड कोसळली आहे.

युद्धात कोण बरोबर आहे यावर ट्रक चालवणाऱ्याने गप्प राहावे, हे मला मान्य आहे. ट्रक कुणी अडवला, यावर मौन असू नये. आणि ज्याला उद्या त्याच वाटेने जायचे आहे त्याला ते बोलता येत नसेल, तर ते बोलण्याचे काम ज्यांना त्या वाटेने जायचे नाही त्यांच्याकडे येते. पुण्याला याची परंपरा आहे. 1876-77 च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरच्या मजुरांचे धान्य दिवसाला एका पौंडापर्यंत खाली आणले, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे आणि लोकांपुढे मांडली. सभा मदत वाटत होती की नाही हा मुद्दा तेथे नव्हता. कुणाच्या पानात किती पडते आहे ते मोजून ती नाव घेऊन सांगत होती. मी त्या शहरात राहते. सांगलीहून परत आल्यावर मला कुठल्याही ट्रॅक्टरची गरज उरलेली नव्हती, तरी मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फलकाचे छायाचित्र टाकले, सर्वांचे आभार मानले, आणि फाटकाबाहेरच्या बायकांविषयी एक अक्षर लिहिले नाही. त्याला आता इतकी वर्षे झाली. त्यांच्यापैकी एकीच्या कडेवरच्या मुलाने निळा रेनकोट घातला होता, एवढेच मला सांगता येते. नाव विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही.

2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा खार्तूमच्या आसपासची पुष्कळशी सामुदायिक स्वयंपाकघरे पटापट बंद पडली. सुदानच्या युद्धातली कुठलीही बाजू त्यासाठी नाक्यावर उभी नव्हती; निर्णय हजारो मैल दूर झाला होता. उमदुर्मानची ती तकियाही काही आठवडे बंद होती. मुलगा तोपर्यंत शिक्षण संपवून पुण्यातच नोकरीला लागला होता, आणि पगारातून पैसे पाठवू लागला होता. त्याच्यासारख्या बाहेर असलेल्या मुलांच्या पैशांवर ती पुन्हा सुरू झाली. आता आठवड्यातून तीन दिवस चूल पेटते, डाळ पूर्वीपेक्षा पातळ असते, आणि मोहल्ला या काळात एका सैन्याच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे. मी त्याला विचारले की आधीच्या लोकांशी संबंध असल्याचा संशय असलेली कुटुंबे रांगेत आली तर काय करतात. त्याला तो प्रश्न आवडला नाही असे मला वाटले. त्याने आईला फोन लावून विचारले, थोडा वेळ अरबीत बोलणे झाले, मग तो मला म्हणाला की अशी दोन घरे आहेत, आणि त्यांची भांडी त्याची आई आपल्या भांड्याबरोबर घेऊन जाते.